रोज नव्वद किलोमीटर, बजेट तीन लाख: कोणती जुनी गाडी घ्यावी?

मुपो_मोशी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

राहायला मोशी, नोकरी रांजणगाव एमआयडीसीत. चाकण-शिक्रापूर रस्त्याने जाऊन-येऊन साधारण ९० किमी होतात. आत्तापर्यंत कंपनीची बस होती. आता डिपार्टमेंट बदललं आणि वेळा अशा विचित्र झाल्यात की जाताना बस मिळते, येताना नाही. मध्ये थोडे दिवस बाइकने करून बघितलं. रात्री अकरा-साडेअकराला त्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगेतून बाइक काढणं घरच्यांना मंजूर नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

बजेट तीन लाख. त्यात कागदपत्रं, विमा, टायर-बिअर सगळं आलं. अगदीच ताणलं तर सव्वातीन. गाडी फक्त कामावर जायला. रविवारी फार तर आळंदी नाहीतर सासुरवाडी.

डोक्यात असलेल्या गाड्या: आल्टो ८०० (२०१७-१८), वॅगन आर सीएनजी (२०१५-१६), स्विफ्ट डिझेल (२०१४-१५) आणि टियागो पेट्रोल (२०१७). मित्र म्हणतो मायलेज हवं तर आल्टो. मेहुणा म्हणतो एवढ्या रनिंगला डिझेलच. ऑफिसात सगळे सीएनजीवाले. तुम्ही काय सांगाल?

खुंटीवरची_छत्री

मेहुण्याचं ऐका. रस्त्यात बंद पडली तर ढकलायला तोच येणार आहे.

झोपाळू

डिझेल विरुद्ध सीएनजी का? बसलो पॉपकॉर्न घेऊन.

आडवळण

आधी हिशोब करू, मग गाडीचं नाव घेऊ. महिन्याचे २५ दिवस धरले तर २२५० किमी झाले. पेट्रोल १०४, डिझेल ९१, सीएनजी ९० रुपये धरतो. मायलेज कंपनी सांगते ते नाही, त्या रस्त्यावर खरोखर पडेल तेवढंच धरलंय.

आल्टो २० ने: महिन्याला सुमारे ११,७००.
टियागो १७ ने: सुमारे १३,८००.
स्विफ्ट डिझेल २१ ने: सुमारे ९,७५०.
वॅगन आर सीएनजी किलोला २६ ने: सुमारे ७,८००.

म्हणजे आल्टो आणि सीएनजी वॅगन आरमध्ये महिन्याला ३,९०० चा फरक, वर्षाला ४७ हजारांच्या आसपास. तीन लाखांच्या गाडीवर हा फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही. तुमचं रनिंग महिन्याला पाचशे किमी असतं तर मी डोळे झाकून आल्टो सांगितली असती. "मायलेजला कोणती चांगली" हा प्रश्नच अर्धवट आहे. किती चालवणार हे कळल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

डिझेलभक्त

आडवळण यांचा हिशोब बरोबर आहे, पण एक रकाना राहिला: रांगेत उभं राहण्याचा वेळ.

वॅगन आरच्या टाकीची पाण्याची क्षमता ६० लिटर. त्यात गॅस बसतो जेमतेम आठ-नऊ किलो, तोही पंपावर प्रेशर पूर्ण असेल तर. म्हणजे दोनशे-सव्वादोनशे किमी. रोजचे ९० म्हटल्यावर दर दुसऱ्या दिवशी पंप आला. संध्याकाळी सीएनजी पंपावरची रिक्षांची रांग बघितलीय का? डिझेलवाला एकदा टाकी फुल करतो आणि आठवडाभर पंपाकडे बघत नाही.

आणि मालक, तुम्ही रांजणगावला जाताय! १.३ मल्टिजेट इंजिन तिथेच, फियाटच्या कारखान्यात बनायचं. मारुतीने स्वतः मानेसरला बनवलं, शिवाय रांजणगावहूनही घेतलं. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो, सगळ्यांत तेच इंजिन. लोक त्याला उगाच नॅशनल इंजिन म्हणत नव्हते. टायमिंग चेन आहे, बेल्ट बदलायची भानगड नाही. वेळेवर ऑइल बदला, दोन लाख किमी हूं का चूं करणार नाही.

खुंटीवरची_छत्री

कामावरही रांजणगाव आणि बॉनेटखालीही रांजणगाव. महागणपती पावला म्हणायचा.

कुंदा_क

मी भोसरीहून चाकणला सीएनजी वॅगन आरने जाते, म्हणून अनुभवाचं लिहिते.

रांगेचं डिझेलभक्त सांगतात ते खरं आहे, पण अर्धं. रांग वेळेवर अवलंबून असते. संध्याकाळी सहा ते नऊ पंपाकडे फिरकायचंच नाही. मी सकाळी सहाच्या आत भरते, दहा मिनिटांत बाहेर. धागाकर्ते रात्री साडेअकराला परतणार, तेव्हा रस्त्यावरचा पंप चालू असेल तर त्यांना रांग फारशी लागणारच नाही. त्यामुळे गाडी बघायच्या आधी आपल्या रस्त्यावरचे सीएनजी पंप बघून या. कोणता रात्रभर चालू असतो, कुठे प्रेशर चांगलं मिळतं. १६० च्या प्रेशरने भरलेली टाकी आणि २०० ने भरलेली टाकी यात पन्नासेक किमीचा फरक पडतो.

बाकी गोष्टी: डिकी विसरा. सिलिंडरच्या वर फक्त एक लॅपटॉपची बॅग आणि डबा मावतो. एसी लावून चढ आला की गाडी दम खाते. त्या रस्त्याला घाट नाही, त्यामुळे चालेल. टाकीत थोडं पेट्रोल कायम ठेवावं लागतं कारण गाडी सुरू पेट्रोलवर होते आणि मग गॅसवर जाते. एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग पेट्रोलच्या गाडीपेक्षा लवकर बदलावे लागतात. तो खर्च किरकोळ आहे.

कंपनी फिटेडच घ्या. बाहेरून किट बसवलेली शक्यतो नको.

झोपाळू

कुंदाताई +१. पॉपकॉर्न संपले तरी भांडण सुरू होत नाहीये.

वैदर्भीय

सीएनजी म्हणजे सगळीकडे स्वस्त असं समजू नका. आमच्या नागपुरात २०२२ मध्ये किलोला १२० झाला होता. तेव्हा लोकांनी सीएनजीच्या गाड्या पेट्रोलवर चालवल्या. आज ९० धरलाय म्हणून पाच वर्षांचा हिशोब ९० ने मांडू नका.

आडवळण

@वैदर्भीय, मान्य. पण नागपुरातली स्थिती वेगळी, पुण्यात पाइपलाइनचा गॅस आहे. आणि सीएनजीच्या गाडीला पेट्रोलची टाकी असतेच. सीएनजी १२० झाला तरी किलोला २६ ने महिन्याला १०,४०० होतात, आल्टोच्या पेट्रोलपेक्षा कमीच.

टेकडीवरचा

कंपनीचं मायलेज आणि खरं मायलेज यात एवढी तफावत का, असा प्रश्न कोणी विचारला नाही, तरी सांगतो. (सवय.)

आपल्याकडे गाडीवर जो आकडा छापतात तो बहुतेक वेळा एआरएआयचा, म्हणजे कोथरूडच्या टेकडीवरच्या वाहन-चाचणी संस्थेचा. चाचणी रस्त्यावर होत नाही. बंद खोलीत गाडी रोलरवर उभी करून, ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वेग कमी-जास्त करत, एसी बंद ठेवून होते. त्यात चाकण चौक नसतो. म्हणून २०१७-१८ च्या आल्टो ८०० ला २४.७ आणि २०१७ च्या डिझेल डिझायरला २८.४ असे आकडे येतात. दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला हे आकडे ठीक आहेत. खिशाचा हिशोब करायचा असेल तर त्यातून २०-२५ टक्के उतरवा.

दुसरं म्हणजे आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं होतं की साध्या पेट्रोलसाठी बनवून १० टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकीचं मायलेज ६-७ टक्क्यांनी घटू शकतं. २०१५-१८ ची पेट्रोल गाडी घेताना ही घट धरा. सीएनजीवर चालवणाऱ्याला तेवढी झळ कमी.

खुंटीवरची_छत्री

थोडक्यात, एआरएआयच्या टेकडीवर जे मायलेज मिळतं ते कोथरूडला खाली उतरेपर्यंत संपलेलं असतं.

टेकडीवरचा

हसून हसून पुरेवाट. उतारावर तरी मिळायला हवं होतं.

जर्सीचा_जावई

मी न्यू जर्सीत. माझी २००९ ची कोरोला पावणेदोन लाख मैल झाली, ऑइल आणि ब्रेक पॅडशिवाय खर्च नाही. जुनी गाडी घ्यायची तर टोयोटा नाहीतर होंडा, एवढं एकच सूत्र पाळा. शिवाय व्हीआयएन (चासी) नंबर टाकून अपघाताचा इतिहास आधी तपासा, दहा मिनिटांचं काम.

खुंटीवरची_छत्री

आली बरं का कोरोला. तीन लाखांत, सीएनजीवर, चाकण चौकात. (हलकेच घ्या.)

मुपो_मोशी

जर्सीकर दादा, पावणेदोन लाख मैल म्हणजे २ लाख ८० हजार किमी झाले! माझ्या रनिंगने मला दहा वर्षं लागतील. पण अपघाताचा इतिहास भारतात कसा बघायचा?

फॉर्म_२९

हा माझा विषय. जरा लांबेल.

परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकलात की कितवा मालक, नोंदणीची तारीख, इंधन, विमा कधी संपतो, पीयूसी, कर्जाचा बोजा आहे का, एवढं दिसतं. ई-चलन वेगळं बघा. अपघात तिथे दिसत नाही. त्यासाठी दोन वाटा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून सर्व्हिस हिस्ट्री काढायची, त्यात बॉडीचं काम आणि प्रत्येक वेळचं किलोमीटर वाचन असतं. आणि मालकाकडून मागच्या दोन-तीन वर्षांच्या विम्याच्या पॉलिस्या मागायच्या. नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दलची सूट) वर्षानुवर्षं चढत गेलाय आणि मध्येच शून्य झालाय असं दिसलं, तर त्या वर्षी क्लेम घेतलाय. मग विचारा कशाचा. हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. "विम्यात ५० टक्के बोनस आहे, तो तुम्हाला मिळेल" असं एजंट म्हणाला तर हसून सोडून द्या.

आरसीवर (नोंदणीच्या कागदावर) इंधन "पेट्रोल/सीएनजी" असंच हवं. नुसतं "पेट्रोल" असेल आणि मागे सिलिंडर असेल तर ती भानगड तुम्ही विकत घेताय. अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी तेच काढेल. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (दाबाची तपासणी) दर तीन वर्षांनी लागते, तिची तारीख पट्टीवर बघा.

एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट बसवलीय का बघा. नसेल तर ती मूळ मालकाकडूनच करून घ्या.

शेवटची_लोकल

दिल्लीच्या गाड्या स्वस्त मिळतात म्हणे? माझ्या ओळखीत एक जण डीएल पासिंगची डिझेल होंडा सव्वादोनला देतोय, गाडी चकाचक.

फॉर्म_२९

स्वस्त मिळते कारण दिल्लीत दहा वर्षांच्या वरच्या डिझेलवर आणि पंधरा वर्षांच्या वरच्या पेट्रोलवर बंदीची टांगती तलवार. इथे आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८), इथे घसारा वजा करून रोड टॅक्स, नवीन नंबर, आणि तिथला टॅक्स परत मिळवायचा तर त्यासाठी वेगळ्या फेऱ्या. सव्वादोनची गाडी पावणेतीनला पडते आणि दोन-तीन महिने डीएल पासिंगवर नाक्यानाक्यावर उत्तरं द्यावी लागतात. ज्याला रोज कामावर जायचंय त्याच्यासाठी हे नाही.

नवकोट_नारायण

सगळे जुन्याच्या मागे लागलात. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आला. तेव्हा एस-प्रेसो ३.४९ लाख, आल्टो के१० ३.६९ लाख एक्स-शोरूम झाली, नवी कोरी! के१० ला सहा एअरबॅग. सात-आठ वर्षं जुन्या गाडीला तीन लाख घालायचे आणि वर क्लच, टायर, बॅटरीला चाळीस हजार. त्यापेक्षा लाख भरा, बाकी कर्ज. वॉरंटी असते हो!

आडवळण

पूर्ण चुकीचं नाही. पण तो आकडा बेस मॉडेलचा, पेट्रोलचा आणि एक्स-शोरूमचा. ऑन-रोड सव्वाचारच्या पुढे. सीएनजी हवी तर आणखी लाखभर वर. धागाकर्त्यांचं बजेट तीन आहे. कर्ज काढून हप्ता भरायचा आणि पेट्रोलचेही ११-१२ हजार भरायचे, हे गणित कसं बसतं?

एक मात्र नारायणरावांमुळे लक्षात आलं. नवीन गाड्या स्वस्त झाल्या म्हणजे जुन्यांचे भावही उतरायला हवेत. विकणारा जुन्याच भावाला चिकटून बसला असेल तर शोरूमचं कोटेशन खिशात ठेवा आणि बोलताना टेबलावर ठेवा.

नवकोट_नारायण

कोटेशनचं बरोबर. पण बजेट वाढवता येतं, पाठीचा कणा बदलता येत नाही. नव्वद किमी रोज!

खुंटीवरची_छत्री

नारायणराव, तुम्ही नव्वद किमीसाठी बजेट वाढवा म्हणताय, बायको म्हणेल नव्वद किमीसाठी नोकरी बदला.

मुपो_मोशी

तेच म्हणतेय ती :)

कर्ज नको आहे, घराचा हप्ता चालू आहे. आडवळण, कुंदाताई, वाचून सीएनजीकडे मन झुकलंय. गाडी तपासायला मेकॅनिक नेणार आहे, पण मलाही काय बघायचं ते कळायला हवं.

बंडू_गॅरेज_सांगली

मी मेकॅनिक हाय, वीस-बावीस वर्सं हेच काम. लिवायला येत न्हाई जास्त, पर सांगतो.

गाडी बघायला सकाळी जावा, न सांगता अर्धा तास आदी. इंजिन थंड असताना सुरू करा. मालकानं तुमी यायच्या आदीच गरम करून ठिवलं असंल तर कायतरी लपिवतोय. बॉनेटवर हात ठिवला की कळतं. सुरू झाल्यावर मागनं निळा धूर म्हंजी ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबतच न्हाई म्हंजी हेड गॅस्केटची शंका. ऑइलचं टोपण उघडून आतनं बगा, दुधावानी पांढरं लागलं असंल तर गाडीला हात लावू नका.

दारांचं रबर वडून बगा. आत पत्र्यावर कंपनीचे गोल ठिपक्याचे वेल्डिंग असत्यात, एकसारक्या अंतरावर. तिथं वेडंवाकडं वेल्डिंग दिसलं की गाडी ठोकल्याली हाय. बॉनेटचे, फेंडरचे बोल्ट बगा, रंग उडाला असंल तर पाना लागलाय. काचेवर बारीक अक्षरात वर्साचा कोड असतोय, सगळ्या काचा जवळपास एकाच वर्साच्या पायजेत. टायरवर चार आकडे असत्यात, पयले दोन आटवडा, मागचे दोन वर्स. गाडी चाळीस हजार चालली म्हंत्यात आन् टायर तीनदा बदलल्यात, तर मीटर पाडल्यालं हाय. स्टिअरिंग, गिअरचा दांडा, क्लचचं पेडल किती गुळगुळीत झालंय त्यावरनं बी कळतं. मीटर खोटं बोलतंय, पेडल बोलत न्हाई.

आता आमच्याकडचं. २०१९ ला कृष्णंला महापूर आला, निम्मं सांगली पाण्यात. २०२१ ला चिपळूण. त्यातल्या कैक गाड्या विमावाल्यांनी भंगारात काडल्या, आन् काई धुऊन-पुसून बाजारात बी आल्या. माज्या साडूनं पुन्यात एक गाडी पसंत केल्ती, मला बगायला नेलं. बाहिरनं आरशावानी. मी सीटबेल्ट पार शेवटापतूर वडला, तर आत वाळल्याल्या चिकलाचा पट्टा. सीटखालचे बोल्ट गंजल्यालं, गालिच्याखाली रेती. साडू तितनंच परतला. तवा सीटबेल्ट पुरा वडायचाच. धुणारे सगळं धुत्यात, पर सीटबेल्टचं आतलं टोक कुनी धूत न्हाई.

शिएनजीची हाय तर दोन्हीवर चालवून बगा. गॅसवरनं पेट्रोलवर टाकल्यावर झटका देती का. लै जण नुसतं गॅसवर चालिवत्यात आन् पेट्रोलचा पंप, इंजेक्टर आत वाळून बसतोय.

झोपाळू

बंडूभाऊ, दंडवत! वाचनखूण साठवली.

कुंदा_क

बंडूदादांचा प्रतिसाद वेगळा धागा करून वर टाकून ठेवावा अशी संपादकांना विनंती.

डिझेलभक्त

बंडूभाऊ, एक सांगा, २०१५ ची स्विफ्ट डिझेल सव्वा लाख किमीला घ्यावी का? आपलं मत म्हणून.

बंडू_गॅरेज_सांगली

इंजिन चांगलंच हाय. पर जुन्या डिझेलला टर्बो, इंजेक्टर, क्लच ह्यातलं एक जरी काम निघालं तर खर्च पाच आकड्यांत. जपून चालिवल्याली मिळाली तर बेस्ट. सव्वा लाख म्हंजी नक्की सव्वा लाखच का, ते आदी बगा.

शेवटची_लोकल

ऑटोमॅटिकचं काय? चाकणच्या ट्रॅफिकमध्ये डावा पाय कामातून जातो.

आडवळण

सीएनजी आणि ऑटोमॅटिक एकत्र या बजेटमध्ये मिळत नाही. सेलेरिओ २०१४ ला आली तेव्हा एएमटी (ऑटोमॅटिक गिअर) स्वस्तात आणली, पण ती पेट्रोलला. पाय की पाकीट, एक निवडा.

वैदर्भीय

इतक्या प्रतिसादांत सेफ्टीवर कोणीच बोललं नाही. रात्रीचा ट्रकचा रस्ता आहे. नवीन गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक न होऊ देणारी यंत्रणा) एप्रिल २०१९ पासून आणि ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या बेस आल्टो-वॅगन आरला दोन्ही नसण्याची शक्यता जास्त. टियागोला ग्लोबल एनकॅप या अपघात-चाचणी संस्थेने २०२० मध्ये ४ तारे दिले, वॅगन आरला २०१९ मध्ये २. महिन्याला चार हजार वाचवून कशात बसून जाताय तेही बघा.

डिझेलभक्त

सहमत. प्रथमच.

आडवळण

वैदर्भीय यांचा मुद्दा आधीच यायला हवा होता. यावर मधला मार्ग आहे. त्या काळात मारुतीने वॅगन आर, सेलेरिओला एअरबॅग आणि एबीएस पर्यायी म्हणून दिले होते. मॉडेलच्या नावापुढे कंसात "ओ" असतो, व्हीएक्सआय (ओ) असा. तशी सीएनजी शोधा, कमी मिळतात पण मिळतात. २०१७ च्या शेवटी बदललेल्या सेलेरिओला ड्रायव्हरची एअरबॅग सरसकट आली. तुमच्या यादीत सेलेरिओ नव्हतीच. इंजिन वॅगन आरचंच, एक लिटरचं.

टियागोची सीएनजी जानेवारी २०२२ ला आली, ती तीन लाखांत येणार नाही.

नवकोट_नारायण

म्हणून म्हणतो, नवी घ्या. सहा एअरबॅग.

खुंटीवरची_छत्री

नारायणराव, तुमचं शोरूम कुठे आहे ते एकदा सांगूनच टाका.

मुपो_मोशी

आठवडाभर गायब होतो, गाड्या बघत होतो.

आधी कुंदाताईंचं ऐकून पंप बघितले. माझ्या रस्त्यावर एक रात्रभर चालू असतो. साडेअकराला तिथे तीन रिक्षा आणि एक पिकअप, बस्स.

मग गाड्या. पहिली वॅगन आर, मालक म्हणाला ५५ हजार किमी. सर्व्हिस हिस्ट्रीत तीन वर्षांपूर्वीच ७१ हजार. दुसरी एका दलालाकडची, सिलिंडर मागे आणि आरसीवर नुसतं पेट्रोल. "साहेब, करून देतो" म्हणाला. नमस्कार केला. तिसरी स्विफ्ट डिझेल मेहुण्याच्या आग्रहाखातर. चांगली होती, पण पावणेचारच्या खाली उतरेना.

चौथी सेलेरिओ सीएनजी, नोव्हेंबर २०१७ ची, व्हीएक्सआय (ओ), चिंचवडचे एक निवृत्त काका, पहिलेच मालक. ६८ हजार किमी, हिस्ट्री जुळते. दोन एअरबॅग, एबीएस. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, काका विचारायला लागले हे काय करताय. हायड्रो टेस्ट पुढच्या चार महिन्यांत संपते. पुढचे दोन टायर बदलावे लागतील, मेकॅनिक म्हणाला क्लच अजून वर्षभर जाईल. ३.४० म्हणत होते, नव्या गाडीचं कोटेशन दाखवलं (धन्यवाद आडवळण आणि नारायणराव), हायड्रो टेस्ट आणि टायरचं सांगितलं, ३.१५ ला तयार झालेत. दहा हजार टोकन देऊन आलोय. बजेट जरा ताणलं जातंय, पण घ्यावी ना?

कुंदा_क

घ्या. (ओ) सीएनजी, पहिला मालक, परत भेटणार नाही.

बंडू_गॅरेज_सांगली

घ्या. टायर मागचं फुडं करू नका, नवंच घाला.

डिझेलभक्त

जड अंतःकरणाने: घ्या.

मुपो_मोशी

फॉर्म_२९ दादा, आता बाकीचे पैसे देताना क्रम काय ठेवू? त्यांचं कर्ज फिटलंय पण आरसीवर बँकेचं नाव अजून दिसतंय.

फॉर्म_२९

मग थांबा, पूर्ण पैसे देऊ नका. आधी काकांना बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओतून बोजा उतरवायला सांगा. वाहन पोर्टलवर बँकेचं नाव गेलेलं दिसलं की मग पुढे. कर्ज फिटलं तरी ते नाव आपोआप जात नाही, बऱ्याच जणांना हे माहीत नसतं.

नंतर मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या, त्यांच्या पॅन-आधारच्या प्रती, चालू विमा, पीयूसी. कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन "नंतर बघू" असं करू नका, त्याच आठवड्यात अर्ज करा. पैसे बँकेतूनच द्या, रोख नको. विक्री झाली की १४ दिवसांच्या आत विमाही नावावर करून घ्या, आणि पॉलिसीत सीएनजी किटचा उल्लेख आहे का तपासा.

गाडी ताब्यात घ्याल त्या दिवशी एका कागदावर तारीख, वेळ, किलोमीटर वाचन लिहून दोघांनी सह्या करा आणि प्रत्येकी एक प्रत ठेवा. त्या वेळेच्या आधीची चलनं त्यांची, नंतरची तुमची. दोन्ही किल्ल्या मागून घ्या, दुसरी किल्ली हमखास कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये राहते.

शेवटची_लोकल

जाता जाता, ती डीएल पासिंगची होंडा आता एक नव्वदला देतोय. कोणाला हवीय का?